आपण कोणाकडून शिकतो?

(३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले जयंतीच्या दिवशी, हिंगोली येथे शिक्षिका आणि कार्यकर्त्या यांचा मेळावा झाला. त्यात कळमनुरी तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. माणसांची आणि गावांची नावे त्यांच्या इच्छेवरून गाळली आहेत.)

मैत्रिणींनो,

मला बोलावणाऱ्या ताईंनी विषय दिला तो 'शिक्षिकेचं शिकणं' असा. मी म्हटलं, बरं झालं. शिक्षिकेने कसं शिकवावं हे मला आजवर इतक्या जणांनी सांगितलंय की त्यावर मी काही बोलले तर ते उसनंच असेल. पण शिक्षिका स्वतः शिकते कोणाकडून, आणि कोणाकडून शिकायचं नाही हे तिने मनातल्या मनात कधी ठरवून टाकलेलं असतं, याबद्दल माझं स्वतःचं थोडं सांगता येईल. त्यातलं बरंचसं माझ्या चुकांचं आहे, हे आधीच सांगते.

मी १९९७ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता, तो १ मे १९९९ला झाला. आम्ही परभणीवाले. परभणीत तेव्हा जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम चालू होता. महाराष्ट्रात तो पहिल्यांदा आला तो पाच जिल्ह्यांत, आणि पाचही मराठवाड्यातले. म्हणजे मागासलेपणात आपला नंबर पहिला लागला तेव्हा कुठे आपल्याकडे कोणी पाहिलं. ते असो. त्याच काळात केंद्रं झाली. आसपासच्या दहा-बारा शाळांचं एक केंद्र, आणि महिन्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र बसून एकमेकांकडून शिकायचं. आता आपण त्याला शिक्षण परिषद म्हणतो. कल्पना खरोखर चांगली होती. दोन शिक्षकी शाळेत, जिथे दुसरे गुरुजी कायम टपाल घेऊन तालुक्याला गेलेले असतात, तिथे एकटी पडलेली बाई महिन्यातून एक दिवस तरी चार माणसांत बसायची.

त्या बैठकीत मी किती वर्षं न बोलता बसले, ते मोजलेलं नाही. बायका एका बाजूला, शेवटच्या दोन ओळींत. चहा आला की उठून कपात ओतायचा. 'मॅडम लोकांना काही अडचण?' असं शेवटी विचारलं जायचं, तेव्हा शेवटची एस.टी. सुटायला वीस मिनिटं राहिलेली असायची.

आता गोष्ट २०१६ची. त्याच्या आदल्या वर्षी, २२ जून २०१५ला, 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला होता. 'तंत्रस्नेही शिक्षक' हा नवा शब्द आला होता आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये शिक्षकांचे आठ-आठ गट झाले होते. अशाच एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं, गेल्या काही वर्षांत ज्यांच्याकडून तुम्ही शिकलात त्यांची नावं कागदावर लिहा. पाच मिनिटं. मी पटापट अकरा नावं लिहिली. मला अभिमान वाटला, शेजारणीची सहाच झाली होती.

घरी येताना काळीपिवळीत मागच्या बाकावर चेंगरून बसले होते. कागद पर्समध्ये होता, तो काढून पुन्हा वाचला. अकरांत दहा पुरुष. एक बाई होती, ती पुस्तक लिहिणारी, पुण्याची, मी तिला कधी पाहिलेलंही नाही. आडनावं वाचली. आपल्याकडे आडनाव वाचलं की जात कळते, कळत नाही म्हणणाऱ्याला जास्त कळते. सगळी माझ्या जातीची किंवा माझ्याहून वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींची. मी मराठ्याच्या घरातली आहे. आमच्या केंद्रात चार बौद्ध शिक्षक होते. त्यांतल्या एका बाईंचं गणित सगळ्यांत चांगलं. दशक-एकक शिकवायला तुराट्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधायची त्यांची पद्धत मी उचलली होती. पद्धत उचलली, नाव नाही उचललं.

असं का झालं याचा विचार करताना मला १९९४ आठवलं. १४ जानेवारीला विद्यापीठाचा नामविस्तार झाला, तेव्हा मी डी.एड.ला होते. वसतिगृहात आम्ही मुली एका पंगतीत जेवत होतो, त्या आठवड्यात दोन पंगती झाल्या. कोणी हुकूम काढला नाही. कोणी भांडलंही नाही. एका दिवशी त्या पलीकडे बसल्या आणि आम्ही 'या इकडे' म्हटलं नाही. पंगती पुढे पुन्हा एक झाल्या, पण अभ्यासाला कोणी कोणाजवळ बसायचं ते मात्र तसंच राहिलं. माझ्या कागदावरची अकरा नावं म्हणजे तीच पंगत होती, बावीस वर्षांनंतरची.

पण खरा धक्का याचा नव्हता. खरा धक्का हा, की माझ्या नोकरीत मी जे सगळ्यांत मोठं शिकले ते जिच्याकडून शिकले तिचं नाव त्या कागदावर नव्हतंच. तिचं सांगते.

२००३ साली माझी बदली एका तांड्यावरच्या शाळेत झाली. पहिलीत एक मुलगी होती. वर्षभर ती बोललीच नाही. पुस्तक समोर धरलं की खाली बघायची. 'आ आईचा' हे मी तिला किती वेळा घोकायला लावलं असेल! पाटीवर दहा-दहा वेळा 'आई' लिहायला लावलं. ती लिहायची, चित्रासारखं. वाचून दाखव म्हटलं की गप्प. मी तिचं नाव मागे पडलेल्या मुलांच्या यादीत घातलं. आणि तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. एकदा तिचा बाप शाळेवरून चालला होता, त्याला मी थांबवून सांगितलं, 'पोरीला डोकं कमी दिसतंय, घरी लक्ष द्या.' माझ्या मनात वाईट काही नव्हतं. आपल्या मनात कधीच वाईट नसतं.

दसरा झाला, मुकादमाची गाडी आली, तांड्यातली निम्मी घरं ऊसतोडीला गेली. दरवर्षीच जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्याच्यावर उचल घेतलेली असते, ती फेडायला पाडव्यापर्यंत फडावर राहायचं. पण पहिल्या वर्षी त्या मुलीला आजीजवळ ठेवलं होतं. त्या वर्षी तिलाही नेलं, लहान भावाला सांभाळायला. कारण तिच्या बापाने तांड्यावर सांगितलं होतं, 'बाईच म्हणते पोरीला डोकं नाही, शाळेत बसवून काय करायचं?'

हे मला पाडव्यानंतर कळलं. सांगितलं त्या मुलीच्या काकीने. काकी पाणी भरायला शाळेच्या हापशावर यायची. तिने हंडा खाली ठेवला आणि सरळ विचारलं, 'बाई, आमच्या लेकराला तुम्ही मुकं कामून म्हनायल्या?' मी म्हटलं, मुकं नाही म्हटलं, तिला येत नाही असं म्हटलं. काकी म्हणाली, 'फडावर सगळ्या लेकरांना रातच्याला गोष्टी ती सांगती. तुम्ही तिला आई म्हन म्हनता. तिच्या घरात आई न्हाई. याडी हाय.'

मैत्रिणींनो, दोन वर्षं मी त्या तांड्यावर होते. गोरमाटीत आईला याडी म्हणतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. कानावर रोज पडत होतं. पण त्याचा आणि माझ्या पाटीवरच्या 'आ'चा काही संबंध आहे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मराठी ही त्या मुलीला परकी भाषा होती आणि मी तिला परक्या भाषेत मुकी ठरवून मोकळी झाले होते. काकीला गोरमाटी येत होती, मराठी येत होती, कर्नाटकातल्या कारखान्यावर गेल्यामुळे कामापुरतं कानडी येत होतं. मला एक भाषा येत होती. आणि डोकं कोणाला आहे ते मी ठरवत होते.

दुसऱ्या दिवशी मी पाटीवर 'याडी' लिहिलं. त्या मुलीने मान वर केली. एवढंच. सिनेमासारखं काही झालं नाही, ती धडाधड वाचायला लागली नाही. दिवाळीपर्यंत हळूहळू बोलायला लागली. त्या वर्षी तिला फडावर न्यायचं नाही म्हणून काकीनेच भांडण केलं. पुढे ती सातवीपर्यंत शिकली. आठवीची शाळा पाच किलोमीटरवर, मध्ये ओढा. पुढचं मी सांगत नाही, तुम्हा सगळ्यांना अशा मुलींचं पुढचं माहीत आहे.

तर हे शिकवणाऱ्या काकीचं नाव माझ्या कागदावर का नव्हतं? मी विसरले होते का? मुळीच नाही. मी ही गोष्ट अनेकदा सांगितलेली होती, एकदा तर एका सभेत सांगून टाळ्याही घेतल्या होत्या. पण माझ्या लेखी काकीने मला 'माहिती' दिली होती. शिकवलं नव्हतं. आपले शब्द बघा. साहेब सांगतात ते मार्गदर्शन. प्रशिक्षणातले सर सांगतात तो आशय. अंगणवाडीची ताई सांगते ती नोंद. खिचडी शिजवणारी बाई सांगते तो निरोप. आणि तांड्यावरची बाई सांगते ती तक्रार, फार तर माहिती. सांगणारा कोण त्यावर त्याचं नाव बदलतं. शाळेतला कोणता पोरगा सकाळी उपाशी येतो, कोणत्या पोरीने सोमवारी दोनदा भात मागितला, हे आमच्या खिचडीवाल्या ताईइतकं कोणाला माहीत नाही. पोषण आहाराच्या रजिस्टरात ताटांची संख्या लिहायची सोय आहे, तिचं ऐकून घ्यायची नाही.

आपल्या जिल्ह्यात तर हा धडा जुनाच आहे. नर्सी इथलंच, औंढा इथलंच. गोरोबा काकांच्या घरी संतमेळा जमला, तेव्हाची कथा आपण कीर्तनात ऐकलेली असते. ती इतिहास म्हणून नव्हे, कथा म्हणूनच सांगते. मुक्ताबाईने विचारलं, यांतलं कोणतं मडकं कच्चं? गोरोबांनी थापटणं घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर मारून पाहिलं आणि नामदेवाला कच्चं ठरवलं. नामदेव रागावला, पण शेवटी औंढ्याला विसोबा खेचरांकडे शिकायला आला. आपण कीर्तनात विसोबांकडेच लवकर जातो. मला त्याच्या आधीचं महत्त्वाचं वाटतं. पांडुरंग ज्याच्याशी बोलतो म्हणतात त्या नामदेवाला कच्चं कोणी ठरवलं? एका लहान मुलीने आणि एका कुंभाराने. आणि त्याने, रागावून का होईना, ते मानलं.

आपण काय करतो? आमच्या केंद्रातल्या एखाद्या सरांना कोणी चौथीतल्या मुलीने कच्चं म्हटलं तर? सर कशाला, मला म्हटलं तर?

पण त्याच संतमेळ्याची दुसरी बाजू मला सांगितलीच पाहिजे, नाहीतर आपण नुसता अभिमान घेऊन घरी जाऊ. त्या मेळ्यात चोखोबा होते, सोयराबाई होती, जनाबाई होती. अभंग सगळ्यांनी म्हटले, अजून म्हणतात. पण चोखोबा देवळाच्या पायरीबाहेरच राहिले. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजींनी उपोषण केल्यावर. मध्ये सहाशे वर्षं गेली. म्हणजे मेळ्यात नाव असणं वेगळं आणि दार उघडं असणं वेगळं. नाव यादीत घातलं की झालं, असं आपल्याला वाटतं. शाळा व्यवस्थापन समितीचंच बघा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय, तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. आपल्या किती शाळांत त्या निम्म्या बायका बैठकीला येतात, आणि किती ठिकाणी रजिस्टरच घरोघर सहीला फिरतं? मी स्वतः फिरवलंय. शिपाई नसतो, मुलांच्या हातीच पाठवलंय.

आमच्या मोबाइलवरच्या गटांचंही तेच. गटात बायकांची संख्या भरपूर. बोलणारे दहा. सगळं महत्त्वाचं बोलणं रात्री आठ ते दहात, जेव्हा आमचे हात पिठात असतात. सकाळी फोन बघावा तर दोनशे निरोप, त्यात कामाचे चार, बाकी फुलं आणि बायकोवरचे विनोद. एका मैत्रिणीने लिहिलं, हे विनोद इथे नकोत. तिला उत्तर आलं, 'ताई, हलकं घ्या.' त्यानंतर तीही बोलली नाही, आम्हीही नाही. तिच्या बाजूने त्या वेळी एक ओळ लिहायला हवी होती. मी लिहिली नाही, कारण ज्यांनी उत्तर दिलं ते माझ्या अकरांतले एक होते.

त्याच गटात एक दृष्टिहीन शिक्षक होते. १९९५च्या अपंगांच्या कायद्याने नोकरीत तीन टक्के जागा आल्या, २०१६च्या कायद्याने चार टक्के झाल्या, तशी ही माणसं शाळेपर्यंत आली. त्यांचा फोन अक्षरं वाचून दाखवतो. पण आम्ही प्रत्येक परिपत्रकाचा फोटो काढून टाकायचो, सुंदर चौकटीत सुविचार टाकायचो. त्यांच्या फोनला फोटोतलं वाचता येत नव्हतं, तो नुसतं 'चित्र, चित्र, चित्र' म्हणायचा. हे त्यांनी मला तीन वर्षांनी सांगितलं, तेही हसत. तीन वर्षं एक माणूस गटात होता आणि त्याला फक्त 'चित्र' ऐकू येत होतं. आता मी फोटोखाली दोन ओळी लिहिते. दोन मिनिटं लागतात.

आणि आता आपल्या बायकांकडे वळते, कारण सगळं पुरुषांवर ढकललं की बोलणं सोपं होतं. २०१६च्या त्या कागदानंतर मी ठरवलं, आपण शिक्षिकांचाच गट करू. बारा जणी जमलो. पहिली बैठक संक्रांतीला ठेवली, सगळ्यांना सोयीचं म्हणून, हळदीकुंकवाला. बाराच्या बारा आल्या आणि आम्ही खूश. मग लक्षात आलं, केंद्रातल्या ज्या बाई विधवा होत्या त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं. बौद्ध बाई आल्या नाहीत, त्या हळदीकुंकू करत नाहीत. आणि उर्दू शाळेतल्या आपांना बोलवावं हे कोणाला सुचलंच नाही, मलासुद्धा नाही. आमच्या आणि त्यांच्या शाळेत एक भिंत होती. मी तेव्हा तालुक्याच्या गावी बदलून आले होते. भिंतीपलीकडून त्यांच्या मुलांचे पाढे मला रोज ऐकू येत होते.

आपांशी बोलणं झालं ते वेगळ्याच कारणाने. त्यांच्या शाळेतून एक मुलगी आमच्याकडे तिसरीत आली. ती वही मागून उघडायची. ओळ उजवीकडून सुरू करायची, अक्षरं भलतीकडे गोळा व्हायची. गणितात मात्र एकही चूक नाही. मी लाल शाईने वही भरून टाकली. एक दिवस आपा फाटकात भेटल्या, त्यांना सहज म्हटलं. त्या म्हणाल्या, 'बाजी, उर्दू उजवीकडून लिहितात, वही मागूनच सुरू होते. आकडे मात्र उर्दूतही डावीकडूनच लिहितात. लेकरू बरोबर आहे, फक्त तिला दिशा बदलायला आठ दिवस द्या.' आठ नाही, पंधरा दिवस लागले. वीस वर्षं नोकरी झालेली बाई मी, हे एक वाक्य मला कोणत्याही प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं. आज सावित्रीबाईंच्या फोटोला आपण हार घातला. त्यांनी १८५६ साली नायगावहून जोतीरावांना पत्र लिहिलं, त्यात फातिमेची आठवण आहे, आपल्यामागे सगळं काम तिच्यावर पडलं असेल ही काळजी आहे. १८५५ साली त्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाईने, मांग समाजातल्या मुलीने, 'ज्ञानोदया'त निबंध लिहून ब्राह्मणांना जाब विचारला. म्हणजे पहिल्या शिक्षिकेच्या शिकण्याच्या वर्तुळात एक फातिमा होती आणि एक मुक्ता होती. आम्ही फोटो तेवढा घेतला.

तर गट आम्ही पुन्हा केला, हळदीकुंकवाशिवाय. पहिल्याने सहाच जणी आल्या. आता नऊ आहोत. त्यात आपा आहेत, तुराट्यांच्या जुड्यावाल्या बाई आहेत, कळमनुरीकडच्या डोंगरातली एक आंध समाजाची तरुण शिक्षिका आहे, दोघी अंगणवाडीच्या ताई आहेत. ताईंना घेताना आमच्यातच वाद झाला, त्या शिक्षिका नाहीत, मानधनावर आहेत म्हणून. वाद मिटला असं म्हणणार नाही. एक जण त्यावरून सोडून गेली.

काकीचं मात्र मी दोनदा चुकवलं. पहिली चूक अशी. मला वाटलं, आपल्या शिक्षण परिषदेतच काकीला बोलवावं, गोरमाटी बोलणाऱ्या मुलांना मराठी कशी शिकवायची यावर तिने बोलावं. परवानगी मिळाली. मीच तिला म्हटलं, 'काकी, तुमचा फेटिया-कांचळी घालून या, छान दिसेल.' ती आली. तिला खण-नारळ दिला, टाळ्या वाजवल्या, आणि कोणीतरी म्हणालं, 'आता एक लेंगी होऊन जाऊ द्या.' होळीची गाणी ती. श्रावण चालू होता. काकीने एक कडवं म्हटलं, फोटो झाले, वेळ संपली. भाषेवर बोलायचं राहिलंच. जाताना मला म्हणाली, 'बाई, मला बोलायला बोलवलं व्हतं का नाचायला?'

ती पुन्हा आली नाही. बरोबरच केलं. मग आम्ही पाचजणी तिच्याकडे गेलो, रविवारी सकाळी सातला, ती निंदायला जाण्याआधी. दोन तास बसलो. शब्दांची वही करायला घेतली, मुलं पहिलीत येतात तेव्हा ती जे शब्द बोलतात ते. काकी फार कडक आहे. आम्ही लिहिलेलं वाचून दाखवलं की म्हणते, असं न्हाई, पुन्हा म्हना. आम्ही पुन्हा म्हणतो. माझा उच्चार तिला अजून पसंत नाही. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, 'तुम्ही येता ते चांगलं हाय. पन तुमच्या पायी माझा अर्धा रोज बुडतो. साहेब तुम्हाला शिकवाया येतो तवा त्याचा पगार कापत्यात का?'

आम्ही एकमेकींकडे बघत बसलो. इतक्या वर्षांत, इतक्या चळवळींच्या शिबिरांना जाऊन, हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. शाळेच्या खर्चात याला कुठलंच सदर नाही. गटसाधन केंद्रात विचारलं, तज्ज्ञ व्यक्ती म्हणून मानधन द्यायचं तर शैक्षणिक पात्रतेचा कागद लागतो. काकीकडे अंगठा आहे. शेवटी आमच्या भिशीतून द्यायचं ठरलं. भिशीच्या वहीत मीच लिहिलं: काकी, मार्गदर्शन, अर्धा दिवस. रक्कम त्या दिवसाच्या शेतमजुरीइतकी. ही काही मोठी गोष्ट नाही, आणि भिशी हा यावरचा उपायही नाही. अंगणवाडीच्या ताईंना, खिचडीवाल्या ताईंना, काकीला जे येतं त्याची किंमत कोणी ठरवायची, हा प्रश्न आपल्या संघटनांनी मागणी म्हणून घ्यावा, एवढं मला आज इथे मांडायचं आहे. तुमच्याही शिबिरांत अनुभव सांगायला गावातल्या बायका बोलावता, तेव्हा वक्त्याला मानधन मिळतं आणि त्यांना जेवण. एकदा हिशोबाची वही काढून बघा.

आज काकीनेच इथे बोलायला हवं होतं. मी तसं ताईंना सांगितलंही होतं. पण जानेवारी आहे. काकी फडावर आहे, शंभर कोसांवर. आमची शब्दांची वही चाळीस पानांवर थांबली आहे, 'पाऊस' आणि त्याच्या पुढचे शब्द राहिलेत. परवा तिचा फोन आला होता, मुकादमाच्या मोबाइलवरून. यंदा तिच्या सुनेने लहान मुलीला बरोबर नेलंय, तिथे जवळ शाळा आहे का ते विचारत होती. मी त्या तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा नंबर शोधते आहे. तुमच्यापैकी कोणाची सांगली-कोल्हापूरकडे ओळख असेल तर जेवणाच्या सुटीत मला भेटा.